घरचा वास

गंधबोध क्लासच्या पटांगणात त्या सोमवारी जो तो आपापल्या घरचा वास घेऊन आला होता.

कुणी आईची न धुतलेली साडी पिशवीत गच्च बांधून आणली होती, कुणी बापाच्या गॅरेजातलं ग्रीस पुसलेलं फडकं. औशाकडच्या एका गृहस्थानं गोठ्यातली मूठभर ओली वैरण आणली होती. रांगेतल्या बायका नाकाला पदर लावून हसायला लागल्या, तसा तो म्हणाला, "हसा, हसा. तुमच्या साड्यांना तरी घरचा वास हाय का? साबणाचाच येऊलालाय."

प्रयागबाई शिंगाडे हसल्या नाहीत. त्या रांगेत अशा उभ्या होत्या, जशी रांगच त्यांच्यामागं लागली आहे. हातात स्टीलचा डबा आणि डब्यात येसर. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, दगडफूल असं काय काय भाजून दळलेलं हे पीठ आमटीला लावलं की त्यांच्या खानावळीची गल्ली नाकानं सापडायची. लातुरात शिकायला आलेल्या पोरापोरींच्या दोन पिढ्या त्या आमटीवर पोसल्या होत्या. पुढं डॉक्टर झालेले चार जण अजून गाडी थांबवून येसर बांधून न्यायचे.

"आजी, यात नेमकं काय काय आहे?" खिडकीतल्या पोरीनं विचारलं.

"समदं हाय. तुझ्या बापाला विचार, जेवून गेला असंल."

पोरीनं निमूट डबा घेतला आणि तीन छापील पानं पुढं केली. "वाचून सही करा. अटी आहेत."

प्रयागबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या. एसटीची पाटी त्यांना वाचता यायची, देवळावरची देणगीदारांची नावं यायची, पण असली बारीक मुंग्यांसारखी अक्षरं एकेक करून चिमटीत धरावी लागायची. मागं एका मास्तराची बायको उभी होती, चष्मा लावून. सून वैजयंता दहावी पास. तिला आणलं असतं तर तिनं घडाघडा वाचलं असतं. पण वास आपला, नात आपली, तिथं सुनेला कशाला पुढं करायचं म्हणून तिला भाकऱ्यांवर बसवून आल्या होत्या. त्यांनी पानावरून नजर फिरवली. मास्तराच्या बायकोला जेवढा वेळ लागला असता, तेवढाच वेळ फिरवली. मग खाली आपलं नाव काढलं, पाच अक्षरं, ठसठशीत.

"वाचलंत ना आजी?"

"मग काय चाटलं?"

नात शर्वरी शेजारी उभी राहून खुदकन हसली. मेडिकलच्या एंट्रन्सला तिचं पहिलं वर्ष चार मार्कांनी हुकलं होतं. बाप ती तीन वर्षांची असतानाच गेलेला. आज्जी आणि आई, या दोघींनी तिला चुलीच्या धगीत वाढवलं आणि धगीपासून लांबही ठेवलं. आज्जीला ती अगंतुगं करायची. "आज्जे, तू ना, एक दिवस मार खाणारैस," ती म्हणाली.

"मारणारा जन्माला यायचाय."

त्या दिवशी भीती कुणालाच वाटली नव्हती.

*

गंधबोधवाल्यांचा शोध मोठा होता, पण समजायला अवघड नव्हता. डोळ्यानं पाहिलेलं आणि कानानं ऐकलेलं आधी मेंदूच्या चौकीवर थांबतं. वास थांबत नाही. त्याचा दोर थेट आठवणीच्या कोठारात जातो. म्हणून झोपलेल्या माणसाच्या कानाशी बोललं तर तो जागा होतो, नाकाशी वास धरला तर बहुतेक होत नाही. मात्र त्या वासाला चिकटलेली आठवण आत जागी होते. गाढ झोपेत मेंदू शिकलेलं पुन्हा घोळवतो, हवं ते ठेवतो, नको ते पुसतो. अभ्यास करताना एक वास दिला आणि झोपेत तोच पुन्हा दिला, तर मेंदू तोच धडा घोळवत बसतो.

इथवरचं पुष्कळांना ठाऊक होतं. गंधबोधनं पुढची गोष्ट हेरली. बाजारातला कुठलाही वास चालतो, पण घरचा वास दहापट चालतो. त्याची वाट लहानपणापासून मळलेली असते. नवा रस्ता खोदायची गरजच नाही, मळल्या वाटेवरून गाडी घालायची.

त्यासाठी नाकाला लावायची गव्हाएवढी चिमटी होती. तिच्यातून वास सुटायचा. पोरींनी तिला नाव ठेवलं नथ. पोरांनाही ती घालावी लागायची, आणि "नथ घातली का रे नवरदेवा?" यावरून पहिल्या महिन्यात दोन मारामाऱ्या झाल्या. सकाळी नथ लावून अभ्यास, दुपारी झोपशाळेत दीड तास झोप. पडदे ओढलेला लांब हॉल, ऐंशी खाटा, ऐंशी नथी, आणि ऐंशी घरांचे वास त्या एका हॉलात शांतपणे धडे गिरवत पडलेले. मुलांनी हॉस्टेलातच राहायचं, फक्त रविवारी घरी.

दिवाळीपर्यंत शर्वरीचा टेस्टमधला नंबर दोन हजारांवरून एकसष्टवर आला. प्रयागबाईंनी गल्लीत पेढे वाटले. पेढा देताना प्रत्येकाला सांगितलं, "येसर माझं हाय बरं का. मशीन नुसतं निमित्त."

आणि पोरगी हॉस्टेलचं पाणीदार वरण खाऊन वाळली म्हणून दर रविवारी त्या तिच्यासाठी येसराची आमटी करायच्या. वाटीभर नाही, पातेलंभर.

*

जानेवारीतल्या एका रविवारी शर्वरी दारात आली आणि उंबऱ्यावरच थांबली. आत फोडणी पडली होती. तिचे डोळे उघडे होते, पण ते घराकडं बघत नव्हते. ओठ हलत होते.

"काय पुटपुटलालीस गं?"

"ग्लोमेरुलस, बोमन्स कॅप्सूल, पीसीटी, हेन्लेचा लूप..." ती न थांबता म्हणत राहिली. आमटीचं झाकण ठेवलं तशी थांबली. मग हसली. "आज्जे, किती भारी वाटतं माहितीय? वास आला की किडनीचं सगळं चॅप्टर डोळ्यासमोर उभं राहतं."

"देवाचं नाव घेतल्यावानी घेतीय पोरगी," प्रयागबाई कौतुकानं म्हणाल्या.

वैजयंता मात्र परातीतल्या पिठात हात तसाच ठेवून बघत होती. "आत्याबाई, ती घरात आली तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं नाही."

"तुझ्याकडं काय बघायचंय? रोजचंच तोंड."

वैजयंता पुन्हा पीठ मळायला लागली. वीस वर्षं ती अशीच गप्प होत आली होती.

मार्चमधला रविवार. खानावळीत दहाबारा पोरी जेवत होत्या. वैजयंता तव्यावरची भाकरी उलथत होती. शर्वरी त्या पोरींच्या पंगतीतच बसली, आमटी भुरकली, आणि ताट पुढं सरकवून म्हणाली, "मावशी, एक भाकरी द्या ना. पातळ बघून द्या."

खानावळीतल्या सगळ्या पोरी वैजयंताला मावशीच म्हणायच्या. म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. वैजयंता हसली. पोरगी थट्टा करतेय, आता तीही हसेल, म्हणून भाकरी हातात धरून तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

शर्वरी हसली नाही. तिनं पुन्हा सभ्यपणानं विचारलं, "झाली नाही का अजून?"

तव्यावरच्या दुसऱ्या भाकरीचा करपल्याचा वास आला तरी वैजयंता हलेना. प्रयागबाईंनी उलथनं हिसकावून घेतलं. करपलेली भाकरी खाली ओढली.

"थट्टा पुरे झाली, शरे. आईला मावशी म्हणतीस?"

शर्वरीनं एकदा प्रयागबाईंकडं पाहिलं, एकदा वैजयंताकडं. एखादा गाळलेला पर्याय शोधावा तसं. "सॉरी," ती म्हणाली. "सॉरी, आई. अभ्यासाचं डोक्यात होतं." पण 'आई' तिनं असं म्हटलं, जसं चार पर्यायांतून उरलेलं एक म्हणावं.

*

दुसऱ्या दिवशी प्रयागबाई क्लासमध्ये घुसल्या. वैजयंता मागं होती. गंध विभागाचे प्रमुख डॉक्टर आरसकर चाळिशीतले, मऊ बोलणारे गृहस्थ. प्रयागबाईंनी त्यांना बसू दिलं नाही.

"माझ्या नातीच्या डोक्यातून तिची आई काढलीत तुम्ही. मुकाट्यानं परत घाला."

"आजी, बसा. काय झालं ते आधी सांगा."

सांगून झालं. आरसकरांचा चेहरा उतरला. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "घरी येसर करत होतात?"

"खानावळ हाय माझी. येसर नाही करणार तर काय शॅम्पू करणार?"

"आणि शर्वरी असताना? तिला खाऊ घातलंत?"

"दर रविवारी. तुमच्या वरणावर हाडं निघाली होती पोरीची."

आरसकर खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "तुम्ही पापड करता ना? ओल्या पापडावर ओला पापड पडला तर काय होतं?"

"चिकटतो."

"वाळलेल्यावर वाळलेला?"

"काही होत नाही. खुशाल चळत लावा."

"आठवणीचं तसंच आहे. एरवी ती वाळलेली असते. पण आपण आठवण काढली, की ती काही वेळ ओली होते, आणि परत वाळेपर्यंत तिच्यावर जे पडेल ते चिकटतं. इथं झोपेत येसराचा वास दिला की फक्त धडे ओले होतात, तेवढी व्यवस्था आम्ही करतो. घरात मात्र तोच वास, समोर तुम्ही, समोर आई. घरच्या आठवणी ओल्या झाल्या आणि त्याच वासानं वर आलेले धडे त्यांच्यावर पडले. दर रविवारी एक थर. म्हणून तर अट होती, की दिलेला पदार्थ परीक्षेपर्यंत मुलीला घरी खाऊ घालायचा नाही, ती असताना घरात करायचा नाही."

"कुठं होती अट?" वैजयंतानं विचारलं.

"पहिल्याच पानावर. ठळक अक्षरात." त्यांनी कपाटातून फाइल काढली. खाली पाच अक्षरं होती, ठसठशीत.

वैजयंतानं ते पान वाचलं. तिचे ओठ हलले, मग थांबले. तिनं मान वर केली, पण सासूकडं पाहिलं नाही. तिनं पाहिलं असतं, दोन शिव्या दिल्या असत्या, तर प्रयागबाईंना बरं वाटलं असतं.

"सोडवा आता ते पापड," प्रयागबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"ओले पापड सोडवायला गेलं तर काय होतं, आजी?"

त्यांना माहीत होतं. दोन्ही फाटतात.

आरसकरांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आजपासून वास बंद केला, तर सहाआठ महिन्यांत वरचे थर सुटतील आणि खालचं घर वर येईल. बहुतेक येईल. पण वर्षभराचा अभ्यास जाईल, यंदाची परीक्षा गेलीच, आणि आणखी एका वर्षाची फी घरात नव्हती, म्हणून हा तिचा शेवटचा प्रयत्न होता. तो न सोडायचा असेल, तर परीक्षेच्या सकाळी सगळी मुलं घरच्या वासाचा एक घास खाऊन आत जातात. आत नथ नेऊ देत नाहीत, तपासणी कडक असते. त्या एका घासानं वर्षभराचं सगळं एकदम वर येतं, ओलं होतं, आणि तीन तासांनी कायमचं वाळतं.

"मग त्याच्याखाली जे असंल ते?"

आरसकरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

*

घरी आल्यावर प्रयागबाईंनी येसराचे डबे उचलले आणि शेजारणीच्या माळ्यावर नेऊन ठेवले. महिनाभर खानावळीत साधं वरण झालं. पोरी कुरकुरल्या, दोघी सोडून गेल्या. शर्वरीला त्यांनी हॉस्टेलातून घरी आणलं. झोपशाळा बंद, नथ बंद. पण चिकटलेलं ते चिकटलेलंच होतं. पोरगी नीट जेवायची, नीट बोलायची, ताट घासून ठेवायची, आणि भाड्याच्या खोलीत राहिल्यासारखी घरात राहायची. गुणी भाडेकरू.

एका दुपारी प्रयागबाई तिच्यासमोर मांडी घालून बसल्या. "आज मी परीक्षा घेणार तुझी. तुला कांजिण्या झाल्या तवा कोण उशाशी बसलं होतं?"

"व्हॅरिसेला झोस्टर," शर्वरीनं विषाणूचं नाव सांगितलं. मग कपाळाला आठ्या घालून, "बसलं कोण होतं... पुढचा विचारा."

'विचार' नाही, 'विचारा'. प्रयागबाई आणखी जवळ सरकल्या.

"तुझ्या आईच्या डाव्या हाताला डाग कशाचा हाय?"

"माहीत नाही."

"तू लहानपणी तापलेल्या तव्यावर हात ठेवायला गेलतीस. तिनं आपला मधी घातला. आठवतंय का?"

शर्वरीनं खरंच प्रयत्न केला. तिचे डोळे मिटले, जबडा आवळला. आणि मग तिनं मान हलवली, अगदी शहाण्यासारखी. "हा सोडून देते. चुकलं तर मार्क कापतात."

प्रयागबाईंनी सगळं तिला सांगितलं. वास, अट, पापड. आणि आयुष्यात कुणाला बोलल्या नव्हत्या ते बोलल्या. "मला ते कागद वाचता आले नाहीत, पोरी. आणि येत नाही म्हणायची लाज वाटली. माझ्या मोठेपणापायी झालं हे."

शर्वरीनं शांतपणे ऐकून घेतलं. रडली नाही, रागावली नाही. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "पण मला भीती कशाची वाटायला पाहिजे तेच कळत नाही. जे आठवत नाही, ते गेलं म्हणून मला दुखत नाही. परीक्षा गेली तर मात्र दुखेल. मला तो घास द्याल ना?"

दुसऱ्याच्या घरातली पोरगी पाणी मागते, तसं तिनं मागितलं.

*

परीक्षेच्या सकाळी केंद्राबाहेर आईबापांची गर्दी होती. मे महिन्याचं ऊन नऊ वाजताच चटके देत होतं. जो तो आपल्या लेकराला काहीतरी भरवत होता किंवा हुंगवत होता. तो वैरणवाला गृहस्थ मुलाच्या नाकाशी मूठ धरून उभा होता. मुलगा बापाकडं न बघता भराभरा काहीतरी म्हणत होता, आणि बाप खुशीत मान डोलावत होता. प्रयागबाईंना वाटलं, त्याची मूठ खाली ओढावी. पण त्याला सांगायचं काय, आणि त्यानं ऐकलं असतं का?

त्यांनी स्वतः डबा भरून आणला होता. आमटी लालभडक दिसत होती, पण तिच्यात येसर नव्हतं, नुसतं तिखट आणि बेसन. ठरवूनच केलं होतं. शिव्या खाईन, पोरगी जन्मभर तोंड बघणार नाही, पण आईला आई म्हणेल. बहुतेक म्हणेल.

त्यांनी घास केला. शर्वरीनं तोंड पुढं केलं, आणि नाकपुड्या हलल्या. ती मागं सरकली. "हे ते नाही."

"तेच हाय. गार झालंय."

"आत्याबाई, राहू द्या." वैजयंता पुढं आली. तिच्या हातात दुसरा डबा होता. झाकण उघडलं आणि वास सुटला. प्रयागबाईंना तो वास सत्तावन्न वर्षं ठाऊक होता, आणि आज त्या वासानं त्यांच्या अंगावर काटा आला.

"येडी झालीस? शेजारणीकडनं आणलंस? डॉक्टर काय म्हटले ऐकलं नाहीस?"

"ऐकलं. बहुतेक म्हटले." वैजयंताचा आवाज चढला नव्हता. "सहा महिन्यांनी ती माझ्याकडं परत येईल, बहुतेक. नाहीच आली तर? घरही गेलेलं, परीक्षाही गेलेली. मग ती राहील कुठली?"

"अगं, तुला इसरंल ती! मुळापासून!"

"मी तर इसरत नाही ना." वैजयंतानं भाकरी मोडली. "एवढे दिवस तुमचं ऐकलं. कागदसुद्धा वाचू दिला नाहीत. हे माझं पोर आहे."

प्रयागबाईंनी तिचं मनगट धरलं. डाव्या हाताचं, डाग होता ते. वैजयंतानं ते सोडवून घेतलं नाही, नुसती थांबली. गेटवरची घंटा झाली. शर्वरी कुणाच्याही बाजूनं नव्हती. ती डब्याकडं बघत होती. प्रयागबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून हात सोडला.

"खा बाळा," वैजयंता म्हणाली आणि लेकीच्या तोंडात घास घातला. मग मान वळवून उभी राहिली, समोरच्या डोळ्यांतलं काय विझतंय ते बघावं लागू नये म्हणून. प्रयागबाईंनी बघितलं. विझलं असं काही नाही. उलट डोळे लख्ख झाले, काचेसारखे. शर्वरीनं "थँक यू" म्हटलं, पाण्याची पारदर्शक बाटली उचलली आणि आत गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

तीन तास त्या दोघी एका कडुनिंबाखाली बसल्या.

गेट उघडलं तसे पोरांचे लोंढे बाहेर आले. काही आईबापांकडं धावले, काही गोंधळून तिथंच थबकले. वैरणवाला "आरं इकडं, इकडं!" म्हणून दोन्ही हात हलवत होता, आणि त्याचा मुलगा त्याच्यापलीकडच्या माणसाकडं बघत होता.

शर्वरी बाहेर आली. चेहरा आनंदानं फुललेला. पेपर उत्तम गेला होता, ते लांबूनही दिसत होतं. ती त्यांच्या अगदी समोरून चालत गेली आणि पुढं जाऊन थांबली. इकडं तिकडं पाहिलं. आपल्याला न्यायला कोणीतरी यायला हवं, एवढं तिला कळत होतं. कोण, ते कळत नव्हतं. मग हुशार पोरगी ती, तिनं घडी केलेलं हॉल तिकीट उलगडलं, त्यावर बोट ठेवून वाचलं, आणि गर्दीकडं बघून मोठ्यानं विचारलं, "वैजयंता गणपत शिंगाडे कोण आहेत इथं?"

वैजयंतानं हात वर केला. शाळेत हजेरीला करतात तसा, कोपरापासून सरळ. "मी," ती म्हणाली आणि पदर सावरत तिच्याकडं गेली.

प्रयागबाईही उठल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. हॉल तिकिटावर उमेदवाराचं नाव असतं, बापाचं असतं, आईचं असतं. शर्वरीनं ते पुन्हा खालपर्यंत वाचलं, आणखी कुणाला हाक मारायची आहे का ते पाहिलं, आणि घडी करून खिशात ठेवलं.